परातीच्या कडेला राहिलेलं

वसुबारसेच्या संध्याकाळी लाईट गेली. आमच्याकडे ती सणासुदीचा मुहूर्त पाहूनच जाते. ओसरीवर कंदील टांगला, आणि त्याच्या उजेडात माजघराच्या उंबऱ्याशी बसून हिचं लाडू वळणं चालूच राहिलं. हिचा उपास, त्यामुळे चव बघायची जबाबदारी माझ्यावर आणि नातीवर. नात आठ वर्षांची, सुट्टीला पुण्याहून आलेली. तिनं लाडू खाल्ला नाही, फोडला. एकेक बुंदी सुटी करून ताटलीत मांडत बसली.

“अगं, खायला दिलाय. मोजायला नाही,” आजी आतून म्हणाली.

मी म्हटलं, “मोजू दे. बायो, जगातल्या सगळ्यात जुन्या बुंदीच्या लाडवांतला एक कुठे पडला होता, ठाऊक आहे? आपल्या काटोलला.”

आता तिनं मान वर केली.

२२ मे २०१२. नागपूरकडचा मे महिना म्हणजे काय, ते पुण्यात बसून कळायचं नाही. अशा भर दुपारी काटोलच्या आसपास आकाशात धडाके झाले आणि दगड पडले. वरून काळे, जळक्या भाकरीसारखे, आणि फुटले तिथे आतून करडे. हे अशनी, म्हणजे आकाशातून येऊन जमिनीपर्यंत पोचलेले दगड. काटोलचा अशनी ज्या जातीचा आहे तिला कॉन्ड्राइट म्हणतात. ग्रीक भाषेत ‘कॉन्ड्रोस’ म्हणजे दाणा. ही जात कापून पाहिली, की आत गोल गोल दाणे दिसतात, एखाद्या मिलिमीटरचे, कधी त्याहून बारीक. थेट बुंदी. आणि ती झालीसुद्धा बुंदीसारखीच. आजी झाऱ्यातून पीठ पाडते, थेंब कढईत पडतो आणि गोल होऊन घट्ट होतो. तिथे धुळीचे बारके गोळे एकदम तापून वितळले, दगडाचा थेंब झाला आणि थेंब निवून दाणा झाला. कढई कसली होती, धुळीला एवढी आच कोणी दिली, यावर शास्त्रज्ञांचे अजून वाद चालतात. मला ते वाद फार आवडतात, कारण दाणे हातात आहेत आणि आचारी सापडत नाही.

काटोलचा लाडू मात्र थोडा फसलेला. त्यातले दाणे एकमेकांत मिसळून पुसट झालेत. गुजरातेत धजाळा गावी जानेवारी १९७६मध्ये पडलेल्या दगडात बुंदी अजून मोकळी दिसते. काटोलच्या दगडात ती शोधावी लागते.

“गरम असतानाच दाबून वळला असेल,” आजी म्हणाली.

हिनं भूशास्त्राचं पुस्तक कधी उघडलेलं नाही, पण उत्तर बरंचसं बरोबर होतं. काटोलचा दगड ज्या मोठ्या लघुग्रहाचा तुकडा, त्याच्या पोटात तो बराच काळ शिजला होता.

“पण एवढा जुना कसा?” नातीचा प्रश्न.

कारण असल्या दगडांची गोष्ट पृथ्वीच्या आधी सुरू होते. मेक्सिकोत १९६९ साली पडलेल्या आयेंदे नावाच्या अशनीत बुंदीबरोबर पांढुरके खडे सापडतात, बेदाण्यासारखे अधूनमधून. त्यांचं वय ४५६ कोटी वर्षांहून जास्त भरतं. आपल्या सूर्यमालेत घडलेली त्याहून जुनी घट्ट वस्तू कोणाच्या हाताला लागलेली नाही. बुंदी त्यानंतरच्या काही लाख वर्षांतली.

तर गोष्ट अशी. एक होता ढग.

पावसाचा नव्हे. अंधारा, गोठलेला, जवळजवळ सगळा हायड्रोजन आणि हेलियम वायूचा. शंभर भाग वायूत एखादा भाग धूळ. धूळही साधी नव्हे, आपल्या आधी जगून मेलेल्या ताऱ्यांची राख. हा ढग एके ठिकाणी दाट झाला आणि स्वतःच्याच वजनाने आत कोसळू लागला. आता, असा ढग अगदी स्थिर कधीच नसतो, थोडा तरी फिरत असतो. फिरणारी गोष्ट आवळली की वेग वाढतो. फिरत्या खुर्चीवर बसून हात पसर आणि मग छातीशी घे, म्हणजे कळेल. (तिनं लगेच माझ्या खुर्चीकडे पाहिलं. माझी खुर्ची फिरत नाही.) मधोमध गोळा जमला, तो सूर्य. भोवती उरलं ते गरगरत चपटं झालं, तबकडीसारखं.

किती उरलं? आजी भाकरीचं पीठ मळते तेव्हा गोळा हातात येतो आणि थोडं परातीच्या कडेला चिकटून राहतं ना, तेवढंच. सगळ्या सूर्यमालेच्या वजनातला ९९.८ टक्क्यांहून जास्त वाटा सूर्याने घेतला. कडेला राहिलेल्यातलंही बहुतेक गुरूने खाल्लं. बाकीचे सगळे ग्रह एकत्र केले तरी गुरू त्यांच्या अडीच पट भरतो. आपली पृथ्वी, सह्याद्री, समुद्र, काटोलची संत्री हे सगळं त्यातूनही जे उरलं त्याचं.

आता त्या चिकटलेल्या पिठाचा ग्रह कसा होतो? सुरुवात तुझ्या पलंगाखाली होते तशी होते. महिनाभर झाडलं नाही की धूळ, केस, तंतू एकमेकांना धरून मऊ गोळे होतात. तबकडीतही धुळीचे कण असेच हळूच टेकले आणि चिकटले. कणाचा दाणा झाला, दाण्याचा खडा. पण गोळा हातभर, दोन हात मोठा झाला की गाडी अडते. दोन मोठे गोळे टेकत नाहीत, आपटतात आणि फुटतात. वर एक अडचण अशी, की तबकडीतला वायू दगडापेक्षा किंचित सावकाश फिरतो. त्यामुळे दगडाला सतत समोरून वारा लागतो. सायकलवर उलट्या वाऱ्यात दमायला होतं तसा तो दमतो, वेग घटतो आणि घसरत घसरत सूर्याकडे जाऊन जळतो. हिशेब असा निघत होता, की ग्रह होण्याआधीच सगळं सामान चुलीत जायला हवं. आणि आपण तर इथे लाडू खातोय!

यावरची तोड सुचली ती गर्दीची. सायकलवाले वाऱ्यात एकामागे एक चालवतात, म्हणजे मागच्याला वारा कमी लागतो. खडेही तसेच. चार खडे एकत्र आले की त्यांच्या आजूबाजूचा वायूही ओढला जातो, वारा सौम्य होतो, मागून येणारे तिथेच अडकतात. गर्दी वाढते. पुरेशी वाढली की ती आपल्याच वजनाने मिटते आणि एकदम काही किलोमीटरांचा, कधी शंभर किलोमीटरांचा डोंगर तयार होतो. मधल्या पायऱ्या चढायलाच लागत नाहीत. अँड्र्यू यूडिन आणि जेरेमी गुडमन यांनी २००५ साली हे गणित मांडलं. सगळे प्रश्न त्यात सुटलेत असं नाही, पण जत्रेत एकदा तरी अडकलेल्या माणसाला ते लगेच पटतं.

पुढचं भराभर. सूर्यापासून एका अंतरापलीकडे पाण्याचा बर्फ टिकतो, त्या सीमेला हिमरेषा म्हणतात. तिच्या पलीकडे दगडाबरोबर बर्फही, म्हणजे सामान जास्त. तिथे गुरूचा गाभा घाईने वाढला, आणि त्याला घाई करावीच लागली, कारण तबकडीतला वायू काही लाख ते फार तर एखाद कोटी वर्षं टिकतो, मग उडून जातो. त्याआधी गुरूने वायू गोळा केला. अलीकडच्या कोरड्या भागात आपली पृथ्वी निवांत, काही कोटी वर्षं, आपटाआपटी करत वाढली. त्यातल्या एका मोठ्या टकरीतून चंद्र निघाला. मंगळाएवढा एक गोळा येऊन धडकला होता.

“मग पाणी कुठून आलं? कोरड्या भागात होतो ना आपण?”

मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. हा प्रश्न मला कोणा विद्यार्थ्याने विचारल्याचं आठवत नाही. पाण्याचा बराच वाटा हिमरेषेपलीकडून आलेल्या ओल्या दगडांनी आणला असावा. काही काळ्या अशनींच्या खनिजांत पाणी मुरलेलं सापडतं आणि त्याची जात आपल्या समुद्राच्या पाण्याशी जुळते. म्हणजे तू आत्ता फुलपात्रातून प्यालीस, त्यातलं काही तरी गुरूच्या बाजूने आलेलं.

तिनं फुलपात्रात डोकावून पाहिलं.

मग आम्ही अंगणात गेलो. वसुबारसेला चंद्र उगवतो तो पहाटे, आणि लाईट गेलेली, त्यामुळे आकाश गच्च भरलं होतं. दिवाळीतल्या रात्री आठच्या सुमाराचं आकाश म्हणजे या गोष्टीचा नकाशाच आहे. पूर्वेला कृत्तिकांचा झुबका वर आला होता आणि त्याच्या खाली तांबूस रोहिणी नुकतीच झाडांवर चढली होती.

“रोहिणीच्या अगदी शेजारी बघ. काही दिसत नाही ना? तिथे, रोहिणीच्याही खूप मागे, साडेचारशे प्रकाशवर्षांवर एक पोरवयाचा तारा आहे, एचएल टॉरी. चिलीतल्या अटाकामा वाळवंटात, पाच हजार मीटर उंचीवर ‘आल्मा’ नावाच्या ६६ अँटेनांनी २०१४ साली त्याचं चित्र घेतलं. धुळीची तबकडी, आणि तिच्यात एकाआत एक अंधारी कडी, जुन्या रेकॉर्डसारखी. वाढणारे ग्रह वाट झाडत चाललेत म्हणून ती कडी पडली, असं बहुतेकांचं मत. आणि त्या ताऱ्याचं वय दहा लाख वर्षंही नसेल.”

“रेकॉर्ड म्हणजे?”

ते समजवायला एचएल टॉरीपेक्षा जास्त वेळ लागला.

वायव्येला अभिजित मावळतीकडे झुकला होता. १९८३ साली ‘आयरास’ या उपग्रहाला त्याच्याभोवती धुळीची ऊब जाणवली. तोवर दुसऱ्या ताऱ्यांभोवती ग्रहांचं सामान असेल हा तर्क होता. आपल्या नक्षत्रांच्या गोष्टींतला हा आकाशातून घसरलेला अभिजित, त्याच्याकडेच पहिला पुरावा निघाला.

डोक्यावर मोठा चौकोन होता, पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा. पूर्वा भाद्रपदेच्या दोन ताऱ्यांच्या मध्ये, जरा पश्चिमेला, अंधाऱ्या रात्री चांगल्या डोळ्यांना एक फिकट ठिपका दिसतो. माझ्या डोळ्यांना आता दिसत नाही. तिला दिसला म्हणाली, मी विश्वास ठेवला. तो ५१ पेगासी, पन्नास प्रकाशवर्षांवर. त्याने माझी फजिती केली आहे.

आमच्या वेळी आम्ही वर्गात छातीठोक सांगायचो, की सूर्याजवळ लहान दगडी ग्रह आणि लांब मोठे वायूचे, कारण हिमरेषा. सगळीकडे असंच असणार. आणि ऑक्टोबर १९९५मध्ये मिशेल मेयर आणि त्यांचा विद्यार्थी दिदिये क्वेलो यांनी जाहीर केलं, की ५१ पेगासीभोवती गुरूच्या निम्म्या वजनाचा ग्रह आहे आणि तो चार दिवसांत फेरी मारतो. आपला बुध घेतो ८८ दिवस! क्वेलोला आधी आपल्याच यंत्रात किंवा प्रोग्रॅममध्ये चूक आहे असं वाटत होतं. चूक आमच्या फळ्यावर होती. मोठे ग्रह लांब जन्मून आत सरकू शकतात, हे आपल्या एकाच घराकडे पाहून कळणार कसं? त्या दोघांना २०१९चं नोबेल मिळालं. मी निवृत्त झालो होतो, म्हणून वर्गात माफी मागायची राहिली.

“त्यांना ग्रह दिसला?”

नाही. ताऱ्याच्या झगमगाटात ग्रह दिसणं महाकठीण. त्यांनी फुगडी पाहिली. तू आणि आजी फुगडी घालता तेव्हा गरगर तूच फिरतेस, पण आजीही जागच्या जागी थोडी डुलतेच. (“मला कशाला मध्ये घेता?” आतून.) अंधारात फक्त आजीचं पांढरं लुगडं दिसलं, तरी ती डुलतेय म्हणजे तिचे हात कोणीतरी धरलेत, हे कळेल. गुरूमुळे आपला सूर्य सेकंदाला साडेबारा मीटर डुलतो. पृथ्वीमुळे फक्त नऊ सेंटीमीटर, कासवाच्या चालीने. ती चाल दुरून मोजायची म्हणजे यंत्र किती नाजूक हवं. आपल्याकडे माउंट अबूला अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचं ‘पारस’ नावाचं यंत्र हेच करतं. २०१८मध्ये त्याने सहाशे प्रकाशवर्षांवरचा, पृथ्वीच्या सुमारे २७ पट वजनाचा ग्रह असाच डुलण्यावरून पक्का केला.

दुसरी रीत सावलीची. पृथ्वीला मोहरीचा दाणा धर. मग सूर्य वीतभर रुंदीची घागर, आणि दोघांत अंतर इथून विहिरीपर्यंत, तेवीस-चोवीस मीटर. या मापाने सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा सहा हजार किलोमीटरांवर, युरोपात कुठेतरी. तिथल्या माणसाने इथल्या पेटत्या घागरीपुढून मोहरी गेलेली ओळखायची. उजेड कमी होणार बारा हजारांत एक भाग. देवदिवाळीला घाटावर बारा हजार पणत्या लावल्या आणि एक विझली, ती ओळखायची. तीही वर्षातून एकदा, फार तर तेरा तास, आणि मोहरी नेमकी समोरून गेली तरच. बाजूने, वरून, खालून गेली तर काहीच नाही.

हे वेड केपलर दुर्बिणीने केलं. २००९मध्ये ती अवकाशात गेली आणि हंस आणि अभिजितच्या दरम्यान आकाशाच्या एकाच तुकड्याकडे चार वर्षं टक लावून बसली. दीड लाखांवर तारे, पापणी न हलवता. तिच्या नोंदींतून अडीच हजारांहून जास्त ग्रह निघाले. आज सगळे मिळून सहा हजारांच्या वर गेलेत. त्यातली मला चटका लावणारी गोष्ट ही, की जवळपासच्या फेऱ्यांत सर्वाधिक सापडणारे ग्रह आहेत पृथ्वीपेक्षा मोठे, नेपच्यूनपेक्षा लहान, आणि नेमका तोच नमुना आपल्याकडे नाही. सगळ्या गावात ज्याची रांग लागते तो पदार्थ आपल्या घरी कधी झालाच नाही.

“त्यातल्या कुठे राहता येईल?”

इथे वर्तमानपत्रं घाई करतात. ‘दुसरी पृथ्वी सापडली’ हा मथळा मी इतक्या वेळा वाचलाय, की आता पृथ्वीला सवतींचा राग यायला हवा. शास्त्रज्ञ ‘राहण्याजोगा पट्टा’ म्हणतात तो फक्त शेकोटीपासूनच्या अंतराचा हिशेब आहे. फार जवळ बसलं तर भाजतं, लांब बसलं तर काकडतं. मधल्या जागेत पाणी पाण्यासारखं राहू शकेल. पण राहील असं नाही. शुक्र आपल्यापेक्षा थोडाच जवळ, पण त्याने हवेच्या इतक्या गोधड्या पांघरल्यात की जमिनीवर ४६० अंशांच्या वर तापमान. मंगळाची गोधडी आपल्या गोधडीच्या शंभराव्या भागाएवढीही नाही, म्हणून तो गोठला. अंतराबरोबर पांघरूण बघायला हवं.

दक्षिणेला भाद्रपदांच्या खाली कुंभ रास होती, फिकट ताऱ्यांची. तिच्यात चाळीस प्रकाशवर्षांवर ट्रॅपिस्ट-१ नावाचा लाल बटू तारा आहे, गुरूपेक्षा किंचित मोठा, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. २०१७ साली जाहीर झालं, की त्याला सात ग्रह आहेत, सगळे साधारण पृथ्वीच्या आकाराचे. सगळ्यात आतल्याचं वर्ष दीड दिवसाचं, बाहेरच्याचं १९ दिवसांच्या आत. सातही जण बुधाच्या कक्षेच्या कितीतरी आत मावतात. एकावर उभं राहिलं तर शेजारचा ग्रह आपल्या चंद्रापेक्षा मोठा दिसेल.

“दर दीड दिवसाला वाढदिवस!” नात उडालीच.

केकचा खर्च आजोबांचा नको. पण निखाऱ्याजवळ बसण्याचे तोटे आहेत. असे ग्रह बहुधा एकच गाल चुलीकडे धरून फिरतात, एका बाजूला कायम दिवस, दुसरीला कायम रात्र. शिवाय बटू तारे ठिणग्या फेकतात आणि गोधडी जाळून टाकू शकतात. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३मध्ये सातांपैकी सगळ्यात आतला ग्रह तपासला. दिवसाच्या बाजूला २३० अंशांच्या आसपास, आणि पांघरूण असल्याची खूण नाही. मधल्या ग्रहांची तपासणी चालू आहे. सिंह राशीतल्या के२-१८बी ग्रहाच्या हवेत जीवसृष्टीची चाहूल लागल्याचा दावा २०२५मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने केला. तो आपल्या देशातला मुलगा म्हणून मलाही आनंद झाला. पण इतरांनी तेच आकडे घेऊन दुसरा अर्थ काढलाय. मी थांबायला तयार आहे.

तिला नावं आवडली नाहीत. ५१, के२-१८, हे काय ग्रहाचं नाव? मग तिला बिभा सांगितली. २०१९मध्ये भारताला एका ताऱ्याचं आणि त्याच्या ग्रहाचं नाव ठेवायची संधी मिळाली. ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून बिभा नाव दिलं, आणि दोन दिवसांत फेरी मारणाऱ्या त्याच्या भल्या थोरल्या ग्रहाला संतमस, म्हणजे ढगाळलेला. बारसं असं करावं.

ती बराच वेळ कुंभ राशीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “आबा, तिकडे कोणी असलंच तर त्यांना आपण दिसतो का? मोहरी?”

याचंही गणित झालेलं आहे. लिसा काल्टेनेगर आणि जॅकी फॅहर्टी यांनी २०२१ साली आजूबाजूच्या ताऱ्यांची चाल पाहून हिशेब केला, की कुठून आणि केव्हा पृथ्वी सूर्यापुढून जाताना दिसेल. ट्रॅपिस्ट-१ सध्या त्या रेषेत नाही. येईल, १६४२ वर्षांनी.

“तोपर्यंत आपण त्यांना नाहीच?”

“आहोत. पण उजेडाच्या आड आलो नाही.”

तिनं थोडा विचार केला आणि ओसरीवर गेली. कंदिलाभोवती एक पतंग घिरट्या घालत होता, पण त्याच्यामुळे भिंतीवरचा उजेड किंचितही हलत नव्हता. मग ती हातभर अंतरावरून, पाय न वाजवता, अगदी सावकाश कंदिलापुढून जाऊ लागली.

आत लाडू वळणारे हात थांबले.

“कोण गं ते कंदिलापुढे?”